पाटणादेवी आणि गौताळा औट्रमघाट अभयारण्य : भेटीपूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की चाळीसगावात राहणाऱ्या आम्हा मंडळींना पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या आणि जळगाव-धुळ्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. ही माहिती प्रामुख्याने खानदेशाच्या बाजूने, म्हणजे चाळीसगावकडून येणाऱ्यांसाठी आहे.

गौताळा हे राष्ट्रीय उद्यान आहे का?

नाही, ते वन्यजीव अभयारण्य आहे. महाराष्ट्रात ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्याने असून त्यांपैकी एकही खानदेशात नाही. सातपुड्यातील राष्ट्रीय उद्यानच पाहायचे असेल, तर मेळघाटातल्या गुगामलची वाट धरावी लागते. खानदेशाच्या वाट्याला अभयारण्ये आली आहेत : सातपुड्याकडे यावल आणि अनेर धरण, तर दक्षिणेच्या डोंगररांगेत गौताळा. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. त्यातला मोठा भाग छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडकडे, तर साधारण चौथा हिस्सा जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात येतो.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास पूर्ण मनाई असते, अभयारण्यात मात्र नियमन करून तशी मुभा देता येते. त्यामुळे येथे वाटेत गुरे आणि गुराखी भेटले तर जंगल ‘खरे’ नाही असे समजू नये. डोंगरालगतच्या वस्त्यांचा या रानाशी असलेला संबंध अभयारण्याच्या घोषणेपेक्षा फार जुना आहे.

हे डोंगर नेमके कोणते? सातपुडा की सह्याद्री?

सातपुडा तापीच्या उत्तरेला राहिला. ही सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेली सातमाळा-अजिंठा रांग आहे आणि तीच खानदेशाची दक्षिण सीमा आहे. गंमत अशी की हा डोंगर खरा डोंगर दिसतो तो फक्त आमच्या बाजूने. कन्नडकडून येणारा माणूस पठारावरून जवळजवळ सपाटीनेच येतो आणि एका वळणावर एकाएकी त्याच्या पायाखालची जमीन संपून खाली खानदेशाचे मैदान पसरलेले दिसते; चाळीसगावहून निघालेल्याला मात्र समोर काळ्या कातळाची सलग भिंत उभी दिसते. या कड्याच्या उत्तरेला पडलेले पाणी डोंगरी नदीतून तितूरला, तितूरमधून गिरणेला आणि पुढे तापीवाटे अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी शिवना नदीतून गोदावरीला जाऊन बंगालच्या उपसागरात पोहोचते.

नकाशावर बारीक वाटणारी ही गोष्ट सहलीच्या आखणीत फार महत्त्वाची ठरते, कारण पाऊस वर पठारावर पडतो आणि त्याचे पाणी खाली आपण उभे असलेल्या दरीत येते.

कोणत्या महिन्यात यावे?

ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, असे माझे मत आहे. आणि त्यातही सप्टेंबरचा शेवट. जून महिन्यात पाऊस लागला तरी खानदेशातला पाऊस कोकणासारखा सलग नसतो, त्यामुळे जुलैत येणाऱ्यांना कधी हिरवे डोंगर मिळतात, तर कधी नुसता दमट उकाडा. सप्टेंबरच्या अखेरीस ओढे वाहते असतात, पण पाण्याला गढूळपणा नसतो, वाटा दिसू लागतात आणि गवत कमरेएवढे वाढलेले असते.

डिसेंबर आणि जानेवारी पक्षी पाहणाऱ्यांसाठी आणि लांब चालणाऱ्यांसाठी उत्तम. पहाटे चांगलीच थंडी असते, दुपारी ऊन सोसवते, आणि पानगळ सुरू झाल्यामुळे झाडीतले हलणारे काही तरी नजरेस पडते. धबधबे मात्र तोवर आटलेले असतात; फोटोत पाहिलेला धवलतीर्थाचा धबधबा जानेवारीत शोधणाऱ्यांची दर वर्षी निराशा होते. केदारकुंडाचेही तेच.

मार्च ते मे या काळात हौसेने येऊ नये. खानदेशाचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पारा ४२-४४ अंशांवर जातो, काळा कातळ सूर्यास्तानंतरही तापलेला असतो, आणि वणव्याचा धोका असल्यामुळे वन विभागाच्या लोकांवर ताण असतो. एवढे असूनही यायचेच असेल तर पळस फुललेला असतो तेव्हा यावे आणि सकाळी दहापर्यंत परत फिरावे.

चाळीसगावपर्यंत आणि तिथून पुढे कसे यावे?

चाळीसगाव हे मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावरचे जंक्शन असून मुंबईहून रेल्वेने सुमारे ३३० किलोमीटर अंतर आहे. धुळ्याला जाणारा फाटा येथूनच निघतो. पाटणादेवीचे, म्हणजेच चंडिकादेवीचे, मंदिर चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर आहे. एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून सकाळी स्थानकात चौकशी करतानाच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. चार-पाच जण असतील तर दिवसभरासाठी गाडी ठरवणे अधिक सोयीचे. पेट्रोल चाळीसगावातच भरावे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाटणादेवीला जाण्यासाठी घाट चढावा लागत नाही, कारण देवीचे स्थान डोंगराच्या पायथ्याशी, दरीच्या तोंडाशी आहे. चाळीसगाव-कन्नड महामार्गावरचा औट्रम घाट, ज्याला सगळे कन्नडचा घाट म्हणतात, तो वेगळा रस्ता आहे. अभयारण्याच्या वरच्या भागात, गौताळा तलावाकडे किंवा अंतूर किल्ल्याकडे जायचे असेल तरच तो लागतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने या घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि त्याच दिवशी चाळीसगावात तितूर-डोंगरीचा पूर शिरला, हे आम्ही अजून विसरलेलो नाही. २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने घाटातून अवजड वाहनांना बंदी झाली. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट सुरू आहे की नाही हे विचारूनच पुढे जावे.

घाटाचे नाव १८२५ साली खानदेशात आलेल्या आणि येथे भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडले आहे.

वाघ दिसतो का?

दिसत नाही, आणि तो दिसेल असे सांगणाऱ्या वाटाड्यावर विश्वास ठेवू नये. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक नर वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात पोहोचला आणि वन विभागाच्या कॅमेऱ्यात त्याची नोंद झाली, तेव्हा मोठी चर्चा झाली. पण त्या बातमीच्या जोरावर सहल आखणे म्हणजे धूमकेतू पाहायला रोज रात्री गच्चीवर जाण्यासारखे आहे. येथील प्रमुख शिकारी प्राणी बिबट्या आहे आणि तो आपल्याला पाहतो, आपण त्याला नाही. तरस, कोल्हा, नीलगाय, रानडुक्कर, भेकर आणि ससे या रानात आहेत. वानरे मात्र हमखास भेटतील, आणि मंदिराच्या आवारात आपल्या हातातला नारळ त्यांना आपल्या आधी दिसतो.

मग जंगलात पाहायचे तरी काय?

झाडे पाहावीत, असे मी सुचवेन. हे शुष्क पानझडीचे रान आहे : साग, सालई, धावडा, खैर, पळस, बेहडा, आणि या सर्वांत खानदेशाची खूण म्हणावे असे अंजनाचे झाड. अंजनाचे पान एकदा हातात घेऊन पाहावे. एकाच देठावर दोन पानोळ्या बुडाशी जुळलेल्या असतात, त्यामुळे ते चिमुकल्या खुरासारखे दिसते. कोवळे असताना लालसर, नंतर राखाडी हिरवे. जिथे माती वीतभरही नाही अशा कातळाच्या फटीत हे झाड उभे राहते, आणि त्याच्या अतिशय कठीण, जड लाकडाचा शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या औतांसाठी उपयोग केला आहे. सालईच्या खोडावरून कागदासारखी साल सुटत असते. ती ओढून काढण्याचा मोह आवरावा.

पक्ष्यांत मोर, नीलकंठ आणि स्वर्गीय नर्तक यांची नावे आधी घ्यावी लागतील. नर्तकाचा पांढरा नर ओढ्याकाठच्या सावलीत फिरतो आणि त्याची फितीसारखी शेपटी एकदा दिसली की पुढचा अर्धा तास कोणी जागचे हलत नाही.

पाटणादेवीचे आणि भास्कराचार्यांचे नाते खरे आहे का?

या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल, कारण गाड्यांवरच्या पाट्यांपासून भाषणांपर्यंत ‘भास्कराचार्यांची जन्मभूमी’ असे सरसकट लिहिले-बोलले जाते. निश्चित असे आहे की पाटणे (पाटणादेवीजवळचे गाव) येथे एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला आणि त्यात शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या स्थानिक निकुंभ घराण्याने त्याला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असून अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि त्यांत बाजारातून, तेलाच्या घाण्यांकडून मठाला काय द्यायचे हे ठरवून दिले आहे. घाण्यामागे पळीभर तेलावर गणिताचा एक मठ चालवण्याची ही व्यवस्था मला स्वतःला त्या सगळ्या पाट्यांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

आता जन्मस्थानाचे. भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधला असल्याचे आणि आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने असलेले विज्जडविड असल्याचे स्वतःच सांगितले आहे. ते विज्जडविड म्हणजे कोणते गाव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि पाटणे हे त्यांतले एक मत आहे. तेव्हा मुलांना सांगताना ‘येथे त्यांच्या ग्रंथांचा मठ होता’ एवढे ठामपणे सांगावे. तेवढेही पुष्कळ आहे.

चंडिकादेवीच्या मंदिराबरोबरच थोड्या अंतरावरचे महादेवाचे कोरीव दगडी मंदिर अवश्य पाहावे. सकाळी उन्हाची तिरीप पडते तेव्हा त्याच्या बाहेरच्या भिंतींचे कोन एकामागून एक उजळतात. देवीच्या दर्शनाला आलेले बहुतेक लोक तिकडे फिरकतच नाहीत.

पितळखोऱ्याच्या लेण्यांना पाटणादेवीकडून चालत जाता येते का?

येते, पण वाटाड्या घेऊन, पहाटे निघून आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच. डोंगरी नदीच्या दरीतून जाणारी ही वाट ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते आणि शेवटी दमवणारा चढ आहे. ज्यांना केवळ लेणी पाहायची आहेत त्यांनी कन्नडच्या बाजूने वरपर्यंत गाडीने जावे आणि पायऱ्यांनी दरीत उतरावे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही चौघे, उशीर झाला असूनही, साडेदहाला पाटण्याहून निघालो. जाताना ओढा घोट्याइतका होता. परतताना दुपारी तीनच्या सुमारास त्याच ठिकाणी पाणी चहाच्या रंगाचे झाले होते आणि वरून काटक्या, पाने वाहून येत होती. आमच्या डोक्यावर पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता; तो पडला होता वर पठारावर. बरोबरचा गावातला वाटाड्या एका खडकावर बसला आणि अहिराणीत म्हणाला, “पानी उतरू द्या भाऊ, घर काय पयी नही जास.” (घर काही पळून जात नाही.) आम्ही सव्वादोन तास बसलो आणि अंधारात चाळीसगावला पोहोचलो. त्याने ऐकवले नसते तर आमच्यापैकी दोघे तरी त्या पाण्यात शिरले असते. तेव्हापासून सकाळी सातनंतर मी त्या वाटेला पाय लावत नाही. पाण्याचा रंग बदलला, त्यात पालापाचोळा दिसू लागला, किंवा दरीत वरच्या अंगाने घुमणारा आवाज आला, की पात्रातून बाहेर पडून उंचावर थांबावे.

लेण्यांविषयी थोडे. ही बौद्ध लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची आहेत. कातळ ठिसूळ असल्याने बराच भाग ढासळला आहे. तरी दर्शनी भागातली हत्तींची रांग, चैत्यगृहाच्या खांबांवरचे रंगांचे अवशेष आणि पाणी वाहून नेण्यासाठी केलेली योजना पाहण्यासारखी आहे : डोंगरात मुरणारे पाणी आतून कोरलेल्या मार्गाने आणून पाच फण्यांच्या नागाच्या फण्यांतून बाहेर पडेल असे शिल्प तिथे आहे. येथेच सापडलेली हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून, ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली असे तिच्या हातावरच कोरलेले आहे. दगडात सोनाराचा हात का दिसतो, हे दिल्लीला गेल्यावर त्या मूर्तीचे दागिने पाहून कळते.

परवानगी, शुल्क आणि वेळ यांचे नियम काय आहेत?

अभयारण्यात सूर्योदयानंतर प्रवेश आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर, हा नियम गृहीत धरूनच आखणी करावी. तपासणी नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी. दर बदलत असल्यामुळे येथे आकडे दिलेले नाहीत. मुख्य वाटा सोडून आत जायचे असेल, अभ्यासासाठी किंवा गटाने यायचे असेल, तर वन्यजीव विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयाला आधी कळवावे. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रवेश बंद केला जातो, तेव्हा नाक्यावरच्या वनरक्षकाशी हुज्जत घालू नये.

राहण्याची आणि जेवणाची सोय कुठे होईल?

चाळीसगावात राहावे, हे सर्वांत सोपे. वन विभागाच्या विश्रामगृहासाठी पूर्वपरवानगी लागते आणि सुट्टीच्या दिवशी ती मिळेलच असे धरून चालू नये. जंगलात जेवण मिळत नाही. मंदिराजवळच्या दुकानांत चहा-फराळापुरते काही मिळते, तेही गर्दीच्या दिवशी. सकाळी भाकरी, ठेचा आणि माणशी किमान तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे. संध्याकाळी गावात शेवभाजी खावी. हिवाळ्यात आलात तर मेनूकार्ड पाहण्याच्या भानगडीत न पडता भरीत आणि कळण्याची भाकरी कुठे मिळेल एवढेच विचारावे.

लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर?

पाटणादेवी, महादेव मंदिर आणि ओढ्याकाठचा थोडा फेरफटका एवढेच ठेवावे. पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात, परंतु दुपारच्या उन्हात चढताना सत्तरीच्या माणसाची परीक्षा पाहतात.

साप आणि मधमाश्या यांची भीती कितपत बाळगावी?

सापांची सावधगिरी आणि मधमाश्यांची भीती बाळगावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत. फुरसे लहानसे, मातकट रंगाचे असते आणि दगडाखाली बसते, म्हणून हात टेकण्यापूर्वी दगड पाहावा आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालावेत. दंश झाल्यास दोरीने आवळणे, चिरा देणे किंवा भगताकडे नेणे टाळावे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. दरीत मोबाईलला संपर्क मिळत नाही, म्हणून दोघांपेक्षा कमी माणसांनी आत जाऊच नये.

कड्यांवर आणि लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी त्या माश्या उठतात. पोळ्याखाली उभे राहून सेल्फी काढणारे दर वर्षी भेटतात. त्यांच्यापासूनही अंतर ठेवावे.

धबधब्याखाली भिजता येईल का?

पावसाळ्यात नको. वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि कुंडाच्या तळाची खोली बाहेरून समजत नाही.

नवरात्रात यावे का?

दर्शनासाठी अवश्य यावे, कारण खानदेशातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता आहे आणि त्या दिवसांतला उत्साह वेगळाच असतो. जंगल पाहण्यासाठी मात्र ते दिवस टाळावेत. वाहनांची रांग लागते, आणि भोंग्यांच्या आवाजात स्वर्गीय नर्तक दिसण्याची आशा करणे व्यर्थ आहे.

ड्रोन, ध्वनिवर्धक किंवा पाळीव कुत्रा आणता येईल का?

नाही. प्लास्टिकच्या पिशव्या आणल्यास त्या परत न्याव्यात. वन्यप्राण्यांविषयी किंवा वणव्याविषयी काही कळवायचे असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

एक दिवस पुरतो की दोन लागतात?

देवदर्शन आणि धबधबा एवढाच बेत असेल तर एक दिवस पुरतो. तसे नसेल तर दोन दिवस काढावेत. पहिल्या दिवशी सकाळी सातला पाटण्यात पोहोचून महादेव मंदिर आणि दरीचा खालचा भाग पाहावा, दुपारी चाळीसगावात परतावे, आणि वेळ उरल्यास स्टेशनजवळ केकी मूस यांचे कलादालन पाहावे. अनेक दशके स्वतःच्या घराबाहेर क्वचितच पडलेल्या या छायाचित्रकाराचे घर पाहताना तासभर सहज जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढून वरच्या बाजूने पितळखोरे करावे आणि परतीचे तिकीट रात्रीच्या गाडीचे काढावे, म्हणजे पायऱ्या चढून वर आल्यावर कड्याशी बसून खालचा खानदेश निवांत पाहता येतो आणि घाट अंधार पडण्यापूर्वी उतरता येतो.